मालक जुना, हिशेब ताजा

आमचे कितीतरी भाऊ चंद्रपूर-बल्लारपूरकडे रंगकामाचे, वेल्डिंगचे छोटे ठेके घेतात आणि वर्षानुवर्षे एकाच मालकाकडे टिकतात. त्यात वाईट काही नाही. काम शोधत फिरावे लागत नाही. पण ओळख जुनी झाली की दर वाढवून मागायचा संकोच वाटतो, हिशेब तोंडी राहतो आणि बाकी चढत जाते.

ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती व्यवहार, हे गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने दाखवले. २००९ साली वनहक्क मिळूनही बांबू विकता येत नव्हता. २७ एप्रिल २०११ रोजी वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा गावाने स्वतः बांबू विकला.

आपणही दर लेखी ठेवावा, दरवर्षी नव्याने बोलावे. बिलाच्या प्रतीवर सहीची पोच घ्यावी. केलेल्या कामाच्या पैशांचा दावा साधारणतः तीन वर्षांतच करता येतो, हे विसरू नये. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत; नोंदणी असलेल्या छोट्या सेवा-व्यवसायाला २००६ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. शिवाय वर्षाकाठी एखादे काम दुसरीकडचेही धरावे. म्हणजे जुन्या मालकाशी दर बोलताना मान खाली घालावी लागत नाही.