नाव पायथॉन, आवृत्ती कोणती?

मुळशी तालुक्याची तहसील कचेरी मुळशी गावात नाही, ती पौड येथे आहे. तालुक्याच्या नावावरून वाट धरणारा परका मनुष्य सरळ धरणाच्या बाजूला जाईल आणि कचेरी मात्र त्याच्या मागेच राहील. याच तालुक्यातील माण गावाच्या शिवारात हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा मोठा भाग उभा आहे. आणि माण नावाचा एक संपूर्ण तालुका सातारा जिल्ह्यातही आहे. म्हणूनच जमिनीच्या कागदावर केवळ गावाचे नाव पुरत नाही. गाव, तालुका, जिल्हा आणि गट क्रमांक हे सारे लिहिल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. नाव सारखे असले तरी वस्तू वेगळी असू शकते, हा अनुभव व्यापाऱ्याला नवा नाही.

हिंजवडीच्या इमारतींतून जी संगणकीय कामे चालतात, त्यांतही हाच घोळ नित्य घडतो. तेथे फसणारा मनुष्य नसून यंत्र असते. यंत्र नावावरून वस्तू शोधते, नावाची पहिली वस्तू उचलते आणि पुढचे सारे काम तिच्यावर रचते. वस्तू चुकीची निघाली तर कधी काम तेथेच अडते. कधी मात्र ते अडत नाही आणि हिशेब चुकतो. पेढीचे बिल, गोदामाचा साठा, कराचा तक्ता आणि उधारीची खतावणी या सर्व गोष्टी आता संगणकावर असल्यामुळे हा विषय केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

काही संगणकीय भाषांत लिहिलेली आज्ञावली यंत्राला थेट कळत नाही. ती ओळीओळीने वाचून यंत्राकडून करवून घेणारा मध्यस्थ लागतो; त्याला इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषी म्हणतात. पायथॉन ही अशीच भाषा असून तिचा दुभाषीही त्याच नावाने ओळखला जातो. आज्ञावलीचे सुटे भाग जुळवून त्यांतून चालू शकणारे उत्पादन तयार करणाऱ्या साधनाला बिल्ड टूल, म्हणजे बांधणीचे साधन म्हणतात. सीमेक आणि नोड-जिप ही अशी प्रसिद्ध साधने होत. बांधणी सुरू होताच साधनाला पहिला प्रश्न पडतो : या संगणकावर दुभाषी कोठे आहे, आणि तो कोणत्या आवृत्तीचा आहे?

प्रश्न अवघड होण्याचे कारण इतिहासात आहे. ग्विडो व्हॅन रॉसम यांनी निर्माण केलेली पायथॉन भाषा १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. डिसेंबर २००८ मध्ये तिची तिसरी पिढी आली आणि तिने दुसऱ्या पिढीचे काही नियम जाणूनबुजून मोडले. दुसऱ्या पिढीसाठी लिहिलेले लेखन तिसरीत जसेच्या तसे चालेलच, याची हमी उरली नाही. दुसऱ्या पिढीचा सांभाळ २०१५ मध्ये थांबणार होता. जगभरातील जुनी कामे पाहून ती मुदत २०२० पर्यंत वाढविण्यात आली. १ जानेवारी २०२० रोजी तो सांभाळ संपला. म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ एकाच नावाच्या दोन पिढ्या एकाच संगणकावर शेजारीशेजारी नांदत होत्या, आणि ‘पायथॉन’ अशी हाक मारली की कोण उत्तर देईल, हे त्या त्या संगणकाच्या मांडणीवर अवलंबून होते. आर्च लिनक्सने २०१० मध्येच हे नाव तिसऱ्या पिढीला दिले. इतर अनेक ठिकाणी ते दीर्घकाळ दुसरीकडे राहिले. उबुंटूच्या २०२० मधील आवृत्तीत नुसत्या नावाला मुळात कोणीच उत्तर देईना. विंडोज १० मध्ये २०१९ पासून आणखी निराळी तऱ्हा आली : पायथॉन बसविलेले नसले तरी त्या नावाची एक पाटी तेथे असते, आणि तिला हाक मारली की मायक्रोसॉफ्टच्या दुकानाचे दार उघडते.

बांधणीचे साधन शोध घेते तेव्हा त्याच्या हाती ‘पाथ’ नावाची एक यादी असते. कोणत्या कप्प्यात आधी पाहायचे आणि कोणत्या कप्प्यात नंतर, एवढेच त्या यादीत असते. काही साधने वाटेत पहिला भेटेल त्याला घेतात; काही सर्व कप्पे धुंडाळून सर्वांत वरच्या क्रमांकाचा निवडतात. सीमेकमध्ये या दोन्ही पद्धती आहेत आणि कोणती वापरायची ते सांगता येते. सांगितले नाही तर साधन आपल्या ठरलेल्या रीतीने जाते. याच साधनात पूर्वी दुभाषी शोधण्याचे काम एका भागाकडे आणि त्याला लागणारी सामग्री शोधण्याचे काम दुसऱ्या भागाकडे होते. त्यामुळे दुभाषी एका आवृत्तीचा आणि सामग्री दुसऱ्या आवृत्तीची, अशी विजोड जोडीही जमत असे. २०१८ मध्ये ही दोन्ही कामे एकत्र करणारे नवे भाग आले, तेव्हा हा दोष आटोक्यात आला. तरी एक सवय उरलीच. एकदा मिळालेले उत्तर हे साधन आपल्या टिपणात लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तेथूनच वाचते. नवा दुभाषी बसविला तरी जुने टिपण पुसल्याशिवाय साधन जुन्याच्याच दारी जाते. भाव बदलल्याचे न कळलेला मुनीम जुन्या भावानेच बिले फाडत राहावा, तसा हा प्रकार आहे.

आवृत्तीचा क्रमांक वाचण्यातही एक खोच आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथॉनची ३.१० ही आवृत्ती आली आणि अनेक साधने गोंधळली. कोणी ३.१० हा अपूर्णांक समजून त्याचे ३.१ केले, कोणी अक्षरे जुळवून ३.१० ही ३.९ पेक्षा लहान, म्हणून जुनी ठरविली. नवा दुभाषी समोर हजर असताना ‘योग्य आवृत्ती सापडली नाही’ असा निरोप येऊ लागला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यापूर्वीच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा गुंता चटकन उलगडेल. त्या काळी रुपयाचे सोळा आणे होते. तीन रुपये दहा आणे ही रक्कम तीन रुपये नऊ आण्यांपेक्षा मोठीच. आवृत्तीतील टिंब हे रुपये आणि आणे वेगळे करणारे चिन्ह आहे. ते दशांशचिन्ह नव्हे. टिंबाच्या दोन्ही बाजू स्वतंत्र पूर्णांक म्हणून वाचल्या की गोंधळ राहत नाही.

एवढ्यावरच भागले असते तर हा अभियंत्यांच्या वेळेचा अपव्यय ठरला असता. परंतु चुकीच्या आवृत्तीची झळ रुपयांपर्यंत पोहोचते. एक उदाहरण घ्यावे. ८,५०० रुपयांचा माल आहे आणि त्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. राज्यांतर्गत विक्रीत केंद्राचा अर्धा वाटा २१२ रुपये ५० पैसे आणि राज्याचाही तेवढाच. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७० प्रमाणे रक्कम जवळच्या रुपयात आणताना ५० किंवा अधिक पैशांचा पूर्ण रुपया धरावा लागतो. म्हणजे प्रत्येक वाटा २१३ रुपये झाला पाहिजे. पायथॉनच्या दुसऱ्या पिढीला ही रक्कम पूर्णांकात आणण्याची साधी आज्ञा दिली तर उत्तर २१३ येते. तीच आज्ञा, तीच रक्कम तिसऱ्या पिढीला दिली तर उत्तर २१२ येते. बरोबर मधोमध पडलेली रक्कम जवळच्या सम संख्येकडे न्यावी, असा तिसऱ्या पिढीचा नियम आहे. एका बिलात दोन रुपयांचा फरक पडतो आणि यंत्र कसलीही चूक झाल्याचे सांगत नाही.

भागाकाराचेही तसेच आहे. दुसऱ्या पिढीत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येई. सात भागिले दोन म्हणजे तीन. तिसऱ्या पिढीत तेच उत्तर साडेतीन येते. भागीदारांत नफा वाटणारी आज्ञावली कोणत्या दुभाष्यापुढे वाचली गेली, यावर वाटणी बदलू शकते. काम अडले तर मालकाला कळते आणि तो माणूस बोलावतो. न अडता चुकणाऱ्या कामाचा पत्ता ताळेबंद जुळेनासा होईपर्यंत लागत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. नवी आवृत्ती चांगली आणि जुनी वाईट, असा सरधोपट निवाडा या उदाहरणावर करता येत नाही. मधोमधच्या रकमा नेहमी वरच नेल्या तर मोठ्या बेरजेत सारा कल एकाच बाजूला साचतो. सम संख्येकडे नेल्याने तो कल बराच सावरतो. गणिती गरजेच्या अपेक्षेने तो नियम रास्त आहे. कायद्याच्या अपेक्षेने तो लागू नाही. कोणत्या अपेक्षेने योग्य, हे विचारल्याखेरीज ‘योग्य’ हा शब्द अपुराच राहतो. स्याद्वादाच्या संस्कारात वाढलेल्या घराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

नावाविषयीची दक्षताही जैन विचाराला नवी नाही. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांनी मान्य केलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. गुण नसताही केवळ ओळखीसाठी ठेवलेले नाव हा नामनिक्षेप. एका वस्तूच्या ठिकाणी दुसरीची कल्पना करणे ही स्थापना. पुढे त्या अवस्थेला पोहोचणारी किंवा पूर्वी त्या अवस्थेत असलेली वस्तू ही द्रव्य. या क्षणी त्या अवस्थेत प्रत्यक्ष असलेली वस्तू ही भाव. मूळ विवेचन तत्त्वनिर्णयासाठी आहे. तरी लौकिक व्यवहारातही त्याचा प्रकाश पडतो. ‘पायथॉन’ ही हाक नाममात्र आहे. दुकानाचे दार उघडणारी विंडोजमधील पाटी ही स्थापनेसारखी आहे. कप्प्यात पडून असलेला, पण कामाला न लावलेला दुभाषी द्रव्यासारखा आहे. या क्षणी आज्ञावली प्रत्यक्ष वाचत असलेला दुभाषी तेवढा भावरूप आहे. साधन नामावर थांबते, तेथे चूक होते. त्याला भावापर्यंत न्यावे लागते.

ते नेण्याचे उपाय सोपे आहेत. पहिला, नावाने हाक मारण्याऐवजी दुभाष्याचा पूर्ण पत्ता साधनाला द्यावा. दुसरा, प्रत्येक कामासाठी दुभाषी आणि त्याची सामग्री यांचा वेगळा संच ठेवावा. तशी सोय पायथॉनमध्येच २०१२ पासून आहे, आणि तिच्यामुळे एका कामाची आवृत्ती दुसऱ्या कामात शिरत नाही. तिसरा, बांधणी सुरू होताच दुभाष्यालाच त्याचा क्रमांक विचारावा आणि तो ठरल्यापेक्षा वेगळा असेल तर काम तेथेच थांबवावे. चौथा, आवृत्ती बदलली की साधनाचे जुने टिपण पुसून बांधणी नव्याने करावी. पैशांच्या हिशेबासाठी आणखी एक पथ्य आहे : रक्कम दशांश पद्धतीनेच मोजणारा, पायथॉनसोबत मिळणारा भाग वापरावा आणि ५० पैसे वर न्यायचे हा नियम आज्ञावलीत स्पष्ट लिहावा. मग कोणत्याही पिढीचा दुभाषी आला तरी कर २१३ रुपयेच येईल.

पेढीच्या मालकाला यातील एकही ओळ लिहावी लागत नाही. त्याने विचारायचे प्रश्न मात्र ठरलेले आहेत. आपली आज्ञावली कोणत्या भाषेच्या कोणत्या आवृत्तीवर चालते? ती आवृत्ती करारात लिहिली आहे काय? तिचा सांभाळ केव्हा संपतो? पायथॉनच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला साधारण पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्यानंतर तीच आवृत्ती चालू ठेवणे म्हणजे गोदामाचे कुलूप गंजू देणे होय. संगणक बदलला किंवा आवृत्ती बदलली, तर मागील महिन्याची काही बिले नव्या मांडणीवर पुन्हा काढून जुन्या बिलांशी ताडून पाहावीत, आणि त्यांत ५० पैशांवर येणारी एखादी रक्कम मुद्दाम घ्यावी. हिंजवडीला नोकरीस जाणारा मुलगा किंवा सून घरात असेल, तर हे प्रश्न रात्रीच्या जेवणानंतरही विचारता येतील.

दिवाळीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर वर्ष लिहिताना संवताचे नाव लिहिण्याची रीत आहे. विक्रम संवत आणि वीर निर्वाण संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला एकाच दिवशी बदलतात, पण त्यांच्या आकड्यांत ४७० वर्षांचे अंतर आहे. नाव न लिहिता नुसता आकडा लिहिला तर वाचणारा चकेल. संगणकावरील वहीलाही असेच पहिले पान असावे. त्यावर आज्ञावलीचे नाव, भाषेचे नाव, आवृत्तीचा पूर्ण क्रमांक आणि तपासणीची तिथी लिहून ते पान जमाखर्चाच्या कागदांसोबत जपून ठेवावे.