तपशिलांचे धनी

काही चित्रपट असे असतात की समीक्षकांनी ज्यांचे परीक्षण एका परिच्छेदात उरकलेले असते, पारितोषिकांच्या याद्यांत ज्यांचा उल्लेख आढळत नाही आणि चार सुशिक्षितांच्या बैठकीत ज्यांचे नाव काढणेही कमीपणाचे मानले जाते. परंतु तीस-चाळीस वर्षे लोटली तरी त्यांचा प्रेक्षक त्यांना सोडीत नाही. रामसे बंधूंचे हिंदी भयपट या जातीचे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) लोकप्रियतेच्या बाबतीत अधिक भाग्यवान, पण जात तीच. अशा चित्रपटांना लावले जाणारे ‘कल्ट’ हे बिरुद आता मराठीतही रुळले आहे. या चित्रपटांचे चाहते एकत्र जमले म्हणजे त्यांच्यात जे बोलणे चालते त्याविषयी येथे लिहावयाचे आहे. ते बोलणे वरवर पाहता रिकामपणचा उद्योग वाटतो. तथापि माहितीचा आणि मताचा परस्परसंबंध काय असावा, हा शिक्षकाला रोज भेडसावणारा प्रश्न त्यात दडलेला आहे.

या बोलण्याचे दोन भाग पडतात. एक भाग तपशिलांचा. ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सामरी कोणी साकारला, श्रेयनामावलीत त्याचे नाव कसे दिले होते, कोणता प्रसंग कोणत्या विलायती चित्रपटावरून उचलला, कोणत्या दृश्यात ध्वनिग्राहकाची सावली पडली आहे, इत्यादी. दुसरा भाग अभिप्रायाचा : चित्रपट कसा वाटला, का वाटला. माझे म्हणणे एवढेच की अलीकडे पहिला भाग दुसऱ्याला गिळू पाहत आहे आणि त्यात दोहोंचेही नुकसान आहे.

मुळात हे तपशील येतात कोठून? ते पुनःपुन्हा पाहण्यातून येतात. आणि पुनःपुन्हा पाहणे ही केवळ आवडीची बाब नसून पुरवठ्याचीही बाब आहे. जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) या अमेरिकी भयपटाचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. प्रदर्शनापूर्वी वितरकाने त्याचे नाव बदलले आणि नव्या नावाची पट्टी जोडताना स्वामित्वहक्काची सूचना गळून गेली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार अशी सूचना छापणे अनिवार्य होते. ती नसल्यामुळे चित्रपट सार्वजनिक मालमत्ता ठरला. निर्मात्यांच्या हातून हक्काचे उत्पन्न गेले. परंतु कोणत्याही चित्रपटगृहाने, दूरचित्रवाणी केंद्राने, पुढे कॅसेट विकणाऱ्याने तो विनामूल्य उचलावा व दाखवावा, अशी स्थिती निर्माण झाली. गुण त्या चित्रपटात होतेच, पण किंमत शून्यावर आल्यामुळे ते पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर राहिले. आपल्याकडेही थोड्याफार फरकाने हेच घडले. रामसे बंधूंचे चित्रपट ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांतून घरोघर गेले, १९९३ पासून ‘झी हॉरर शो’ या मालिकेने त्यांचे नाव पुढच्या पिढीला ओळखीचे केले. ‘झपाटलेला’ मराठी वाहिन्यांवर किती वेळा लागला असेल याची मोजदाद वाहिन्यांनाही ठेवता आली नसेल.

आमच्या शास्त्रातील घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत येथे लागू पडत नाही, असा आक्षेप एखादा हुशार विद्यार्थी घेईल. दहाव्या वेळी तोच चित्रपट पाहणाऱ्याचे समाधान कमी कसे होत नाही? मार्शलने या सिद्धांताची मांडणी करतानाच चांगल्या संगीताची गोष्ट निराळी असल्याचे नमूद केले होते. ऐकता ऐकता ऐकणाराच बदलतो, त्याची रुची तयार होते. चाहत्याचेही असेच होते. पहिल्या खेपेस तो गोष्ट पाहतो, तिसऱ्या खेपेस नट पाहतो आणि दहाव्या खेपेस मुखवट्याची गळ्याजवळची कड पाहतो. ही नजर कष्टाने मिळविलेली असते. तिची टवाळी करणाऱ्या विद्वानांच्या पंक्तीत मी बसणार नाही.

हा तपशील फळतो केव्हा, हे रामसे बंधूंच्या संदर्भात चांगले दिसते. फाळणीच्या वेळी कराचीहून मुंबईस आलेले फतेचंद रामसिंघानी हे रेडिओचे दुकानदार. त्यांना सात मुलगे. १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा त्यांचा चित्रपट पडला, परंतु त्यातील मुखवटा घालून चोरी करण्याच्या प्रसंगाला लोक दाद देतात, हे मुलांनी हेरले. मग १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला. एक भाऊ पटकथेवर, एक कॅमेऱ्यावर, एक ध्वनिमुद्रणावर, एक संकलनावर, दोघे दिग्दर्शनावर. ॲडम स्मिथने टाचण्यांच्या कारखान्याचे वर्णन करून श्रमविभागणी समजावली. मला वर्गात रामसे कुटुंबाचे उदाहरण अधिक उपयोगी पडते. चित्रीकरण महाबळेश्वरास झाले. बाहेरगावचे जुने बंगले, हाताशी असलेली माणसे, बिनीच्या नटाऐवजी मुखवटा. एकदा हे ध्यानात घेतले की त्यांच्या चित्रपटांतील जुनी हवेली, धूर आणि अंधार ही केवळ अभिरुचीची उणीव राहत नाही. अंधार स्वस्त असतो, आणि नायक नव्हे तर राक्षसच तारांकित असल्यामुळे मानधनाचा प्रश्नही सुटतो! या माणसांनी टंचाईतून एक शैली घडविली, असे मत त्यामुळे बांधता येते. त्याच तपशिलाच्या आधारे दोषही दाखविता येतात. ‘पुराना मंदिर’मध्ये जगदीप यांचे ‘शोले’च्या विडंबनाचे लांबलचक उपकथानक आहे. ते भयाचा सारा ताण मोडून टाकते. एकाच तिकिटात सर्व काही विकण्याची बाजारी सवय त्यामागे आहे, असे मला वाटते, आणि चाहत्यांनी त्याचे कितीही कौतुक केले तरी ते मला कंटाळवाणेच वाटत आले आहे.

‘झपाटलेला’ची गोष्ट याहून मनोरंजक. गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्‌स प्ले’ची, हे चाहते सांगतात आणि बहुतेक जण तेथेच थांबतात. परंतु तात्या विंचूचा बाहुला घडविला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी अर्धवटरावाला जन्म दिला, ज्याला पाहून आपल्या आजोबांची पिढी हसली. शब्दभ्रमाची ही घरंदाज मराठी कला त्या उसन्या कथेत येऊन बसली. दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजाने तिला दरारा दिला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा नायकही शब्दभ्रमकारच असल्यामुळे बाहुल्याने बोलणे ही गोष्ट त्या गावात अगोदरच स्वाभाविक झाली. ‘ही नक्कल आहे’ आणि ‘हे रूपांतर आहे’ या दोन मतांमधील अंतर एका तपशिलाने असे कापले जाते.

तपशिलाचा दुसरा उपयोगही असतो आणि तो मात्र वाईट. दोन वर्षांमागे आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी ‘झपाटलेला’ दाखविला. नंतरच्या चर्चेत द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने म्हटले की, उत्तरार्ध लांबला आहे आणि भीतीपेक्षा पाठलागच फार झाला. तिचे वाक्य पुरे होते न होते तोच तीन बाजूंनी प्रश्न आले : मूळ इंग्रजी चित्रपट पाहिला आहेस का? दुसरा भाग त्रिमिती आला ते साल सांग. बाहुला कोणी चालविला? ती खाली बसली. उत्तरार्ध लांबला आहे की नाही, याचे उत्तर सभेत कोणीच दिले नाही. (तो लांबला आहे.) व्हेब्लेनने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाविषयी लिहिले ते श्रीमंतांच्या चांदीच्या चमच्यांना उद्देशून, येथे चमच्यांची जागा सनावळीने घेतली होती. ज्ञानाची नाणी व्यवहारासाठी असतात. ती दारावर जकात म्हणून वसूल होऊ लागली, की नवा माणूस आत येत नाही आणि आतल्यांना स्वतःचे मत तपासून घेण्याची गरज उरत नाही. परीक्षेसाठी टिपणे घोकणाऱ्या मुलांविषयी आम्ही शिक्षक तक्रार करतो. हौसेच्या क्षेत्रातही मुले तीच टिपणे घोकीत आहेत, हे पाहून मला अधिक वाईट वाटले.

अभिप्रायाच्या बाजूचाही एक रोग सांगितला पाहिजे. ‘इतका वाईट की चांगला’ असे म्हणून हसत हसत पाहण्याची एक रीत आहे. तिचे मूळ उदाहरण एड वुड यांचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’. बेला लुगोसी हा नट १९५६ मध्ये वारल्यानंतर त्याच्या उरलेल्या भूमिकेसाठी दिग्दर्शकाच्या पत्नीच्या ओळखीचा एक मणक्याचा उपचारक उभा करण्यात आला, आणि चेहरा जुळत नाही म्हणून तो झग्याने तोंड झाकून वावरतो. १९८० मध्ये मेडव्हेड बंधूंच्या एका पुस्तकाने या चित्रपटाला जगातील सर्वांत वाईट ठरविले व तेव्हापासून त्याची कीर्ती वाढली. वुड १९७८ मध्येच दारिद्र्यात मरण पावले होते. ही हास्ययात्रा प्रेक्षकाला फार सोयीची असते, कारण तिच्यात चित्रपट आवडल्याची कबुलीही द्यावी लागत नाही आणि नावडल्याचे कारणही सांगावे लागत नाही. रामसे बंधूंच्या चित्रपटांना आज टाळ्या देणाऱ्या शहरी तरुणांपैकी कितीजण त्यांना घाबरले होते आणि कितीजण त्यांच्यावर नुसते हसत आहेत, हे मला नेहमी विचारावेसे वाटते. १९८४ साली तालुक्याच्या गावी तिकीट काढून बसलेला माणूस घाबरला होता. ते मत प्रामाणिक होते.

शिवाय हे तपशील नेहमी खरे असतात असेही नाही. ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’ या १९६२ च्या जपानी चित्रपटाचे दोन शेवट आहेत, अमेरिकी आवृत्तीत काँग जिंकतो व जपानी आवृत्तीत गॉडझिला, ही माहिती चाहत्यांनी कित्येक वर्षे एकमेकांना सांगितली. चाहत्यांच्या नियतकालिकात ती छापली गेली आणि ‘ट्रिव्हियल पर्स्यूट’ या प्रश्नोत्तरांच्या खेळात तिने अधिकृत उत्तराचे स्थानही पटकावले. वस्तुतः दोन्ही आवृत्त्यांत दोघे समुद्रात कोसळतात आणि काँग तेवढा पोहत जाताना दिसतो. मूळ चित्रपट हाताशी होता म्हणून हा प्रवाद खोडता आला.

आपल्याकडे मूळच हाताशी नसते, ही खरी अडचण. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागलेल्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, पहिल्या भारतीय बोलपटाची ही कथा, तर भुताखेतांच्या चित्रपटांना कोण विचारतो? पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या उभारणीत ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्या पी. के. नायर यांनी चांगला-वाईट असा भेद न करता मिळेल ती रिळे जमा करण्याचा आग्रह धरला. रामसे बंधूंच्या काही चित्रपटांच्या सुबक प्रती बाजारात आणल्या त्या मात्र एका विदेशी कंपनीने, तिकडील चाहत्यांच्या जिवावर. तो तिकडच्यांचा उपकार खराच. पण त्या चित्रपटांचा प्रेक्षक कोण होता, हे तिकडच्यांना कळण्याचा मार्ग नाही.

ते इकडच्या चाहत्यांना शोधता येईल. तुळशी रामसे २०१८ मध्ये व श्याम रामसे २०१९ मध्ये गेले. त्यांच्या मुलाखती चाहत्यांच्या तोंडपाठ आहेत. पण हे चित्रपट जत्रेत तंबू ठोकून दाखविणारे फिरत्या टॉकीजचे मालक, यंत्रचालक आणि फलक रंगविणारे यांपैकी जे आज हयात आहेत त्यांच्याकडे वही घेऊन गेलेला चाहता मला अद्याप भेटलेला नाही. कोणत्या जत्रेत कोणता खेळ किती रात्री चालला, बायकांसाठी कनात निराळी होती का, लोक मध्येच उठून गेले ते कोठे, आणि गल्ला किती जमला, हे ज्या वह्यांत असेल त्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी पाहिल्या पाहिजेत. आमच्या विभागातील दोन विद्यार्थ्यांना या उन्हाळी सुटीत हेच काम देण्याचा विचार आहे. कोणा वाचकाच्या माहितीत अशी वही असल्यास त्याने ती जपून ठेवावी.