आधी वर बघा

या आठवड्यात वसईतल्या गिरीजच्या गल्लीत एक कॅरॅव्हॅन रात्रभर उभी होती, तीही वाडीच्या कडेला, भरल्या नारळाखाली! मंडळी, मुक्कामाची गाडी लावताना आधी वर बघा, मग खाली. भुईगाव किनाऱ्यावरची वाळू तर नकोच. भरती आली की चाकं रुततात. पावसाळ्यात खोलगट जागाही नको, जुलै २०१८ मध्ये वसई कशी तुंबली ते आठवा. महामार्गाची कड सर्वांत वाईट, मागचा ट्रकवाला पेंगत असू शकतो. राज्याचं कॅरॅव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं खरं, पण माझा भरवसा माणसांवर. हिरा डोंगरीचा पायथा असो की चर्चचं आवार, उजेड असतानाच पोहोचा, कुणाला तरी विचारा आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवा.