जागल पिकाची, तशी माणसाची



शेतीमालाला भाव नाही म्हणून शेतकरी कर्जात बुडतो, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. ते खरेच आहे. पण भाव मिळेपर्यंत शेतकरी जगला पाहिजे. घरातला कर्ता माणूस जेवत नाही, झोपत नाही, ‘माझं आता काही खरं नाही’ म्हणतो, त्या रात्री सरकार दारात येत नाही. मानसोपचाराचा डॉक्टर जिल्ह्याच्या गावी. उरतात बायको, म्हातारी आई आणि शेजारी. पहिला इलाज त्यांच्याच हातून होतो.

गावोगावच्या बैठकांत आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. सावरलेले भाऊ सांगतात, उपदेशाने काही झाले नाही. ‘बाप्या माणूस असून रडतोस काय’ याने तर जखम चिघळली. कुणी गुमान शेजारी बसले, चार घास खाईपर्यंत थांबले, त्याने तरलो. राखण करणाऱ्या बहिणी सांगतात, चार रात्री डोळ्याला डोळा नाही, दिवसा निंदणी चुकत नाही आणि लोक काय म्हणतील म्हणून सांगायची चोरी.

तेव्हा काही गोष्टी पक्क्या करू. सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ओझे हलके होते. माणसाला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी, कुलपात. ती लहर अनेकदा ओसरते. औषध हाताशी असले तर ओसरायला वेळच मिळत नाही. कुणी औषध घेतलेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा फुकट नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येते.

पोलिसांच्या भीतीने प्रकरण दाबू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरले जाते आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरते. याच कायद्याने साखळदंडाने बांधायला बंदी आहे.

हे गावात होऊ शकते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते शिकवून तयार केले. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे आकडे २०१७ साली प्रसिद्ध झाले.

रानडुकरे पिकात शिरू नयेत म्हणून आपण पाळीपाळीने जागल करतो. एकट्याने रोज जागल होत नाही, हे कुणाला शिकवावे लागत नाही. मग घरातल्या जागलीला एकटी बाईच का? प्रत्येक शाखेने पाळी घेणाऱ्या चार-पाच स्त्रीपुरुषांची नावे या बैठकीतच ठरवावीत: कुणी रात्री बसेल, कुणी दवाखान्यात नेईल, कुणी तिचे निंदण उरकेल. गोळ्या सुरू झाल्यावर त्या मध्येच बंद होणार नाहीत, हेही पाहावे.

यातून सरकार सुटत नाही. कुटुंबाला आधार आणि घरपोच सेवा हा कलम १८ प्रमाणे हक्क आहे; तालुक्याला तो मागायचाच. भावाची लढाई लांबची आहे. ती लढायला सगळे हजर हवेत.