कचरा न पेटविण्याविषयी नागरिकांस जाहीर आवाहन

शहरांतील व गावोगावच्या समस्त बंधुभगिनींस सविनय विनंती अशी की, पावसाळा सरल्यावर दारापुढचा पालापाचोळा, पेठेतील दुकानांमागे साचलेल्या पिशव्या, वाढदिवसांचे नि निवडणुकांचे उतरविलेले फ्लेक्स, भंगारात निघालेल्या विजेच्या तारा आणि बांधावर गोळा झालेले मल्चिंगचे कागद व पाइपांचे तुकडे यांस काडी लावून मोकळे होण्याची जी रीत आपल्याकडे बोकाळली आहे, ती प्रत्येकाने आपापल्या हद्दीत बंद करावी. धुराने डोळे झोंबतात व दमेकऱ्यांचा जीव घाबरा होतो, हे सर्वांस ठाऊक आहेच. परंतु धूर विरला की संकट टळले, ही जी समजूत सर्वत्र आढळते ती खोटी आहे, आणि तिच्यापायी जे नुकसान होते ते बहुतांशी आपल्या लेकरांच्या वाट्याला जाते.

फ्लेक्सचे कापड व तारांवरचे वेष्टन बहुधा पीव्हीसीचे असते, आणि पीव्हीसीत क्लोरीन असतो. उकिरड्यावरची आग धुमसत राहते; असली द्रव्ये निःशेष नष्ट होण्यास जी ८५० अंश सेल्सियसच्या वरची उष्णता अखंड टिकावी लागते, ती तेथे कधीच टिकत नाही; आणि धूर निवत असताना कार्बन व क्लोरीन यांचा संयोग होऊन, विशेषतः तारेतील तांब्याच्या सान्निध्यात, डायॉक्सिन नावाचे विष जन्मास येते. ते राखेतून व काजळीतून मातीवर नि चाऱ्यावर बसते, पाण्यात विरघळत नाही, मात्र चरबीत मुरते. गाईम्हशींच्या दुधात, कोंबडीच्या अंड्यात, मासळीत साठत साठत अखेर आपल्या ताटात येते, आणि एकदा मनुष्यदेहात शिरले की त्याचा निम्मा अंश बाहेर पडण्यास सात ते अकरा वर्षे लागतात. सुसह्य मानलेली मर्यादाही किती सूक्ष्म आहे पाहा : देहाच्या प्रत्येक किलोमागे महिन्याला ७० पिकोग्रॅम, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लक्ष कोटीवा भाग.

इतक्या अल्प द्रव्याने काय होणार, अशी शंका सहज येते. तिचे उत्तर आपल्या देहाच्या घडणीतच आहे. अवटु, अधिवृक्क, अंडाशय, वृषण या ग्रंथी रक्तात जे स्राव सोडतात, तेही असेच अत्यल्प असतात, तरी गर्भाचे रुजणे, अर्भकाच्या मेंदूची वाढ, मुलामुलींचे वयात येणे हा सारा कारभार त्यांच्याच हुकमतीखाली चालतो. आणि डायॉक्सिन पेशींतील एका ग्राहक प्रथिनास चिकटून नेमकी याच कारभारात ढवळाढवळ करते. प्रौढ देहात हा बिघाड कधी काळी सावरेलही. गर्भात अवयव घडत असताना झालेला बिघाड जन्मभर राहू शकतो.

इटलीत मिलान शहराच्या उत्तरेस सेव्हेसो गावाजवळच्या एका रासायनिक कारखान्यातून १० जुलै १९७६ रोजी या विषाचा ढग सुटला. पहिल्या दिवसांत ससे नि कोंबड्या मेल्या, मुलांच्या अंगावर पुरळ उठले. पण खरी कहाणी पुढे उलगडली. सर्वाधिक बाधित भागातील मातापित्यांना १९७७ ते १९८४ या काळात २६ मुलगे व ४८ मुली झाल्या, आणि संशोधक पाओलो मोकारेल्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे असे दाखविले की, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाआत ज्या पुरुषांना बाधा झाली होती त्यांच्या संततीत हा कल अधिक ठळक होता. मुलगी जन्मास येणे ही आनंदाचीच वार्ता आहे. पण पित्याच्या कोवळ्या वयात देहात शिरलेले द्रव्य त्याच्या पुढच्या पिढीचे लिंग ठरण्यात हात घालते, ही गोष्ट कोणत्याही विचारी मनुष्यास अस्वस्थ करील. बेल्जियममध्ये १९९९ साली कोंबड्यांच्या खाद्यातील चरबीत हे विष मिसळले गेले, तेव्हा त्याची चाहूल प्रथम लागली ती अंड्यांतून पिल्ले निघेनाशी झाल्याने; त्या प्रकरणी दोन मंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. आणि घाना देशाच्या अक्रा शहरात, अग्बोग्ब्लोशी येथे, तांब्यासाठी तारा जाळण्याचा धंदा चाले, तेथील मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचे एक अंडे २०१९ साली तपासले असता, ते खाणाऱ्याच्या पोटात युरोपीय मर्यादेच्या २२० पट डायॉक्सिन जाईल, असे आढळले. गावरान अंडे पौष्टिक म्हणून आपण नातवंडांस हौसेने देतो. ती कोंबडी कोणत्या राखेत चोच मारते, हे पाहिले पाहिजे.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. हे विष मातेच्या दुधातही उतरते, म्हणून कोणत्याही मातेने बाळाला अंगावर पाजणे थांबवू नये. त्या दुधाचे लाभ कितीतरी मोठे आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही तोच आहे. उपाय उगमाशीच करावयाचा असतो. युरोपात भट्ट्या व कारखान्यांवर कडक निर्बंध आले, तेव्हापासून तेथील मातांच्या दुधातील डायॉक्सिन वर्षानुवर्षे उतरत गेले.

कायदा आपल्या बाजूस आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने साध्या जाळण्यास ५,००० व मोठ्या प्रमाणावर जाळण्यास २५,००० रुपये दंड फर्मावला. परंतु आमची भिस्त दंडावर नाही. पहाटे झाडलोट करणारा कामगार ढीग पेटवितो तो बहुधा गाडी वेळेवर येत नाही म्हणून. त्याच्यावर खेकसण्यापूर्वी सोसायटीच्या चिटणीसांनी वॉर्ड कचेरीत लेखी तक्रार करून गाडीची वेळ बांधून घ्यावी, व पाल्यासाठी आवाराच्या कोपऱ्यात एक खड्डा खणावा. उत्सव मंडळांनी व पक्ष कार्यकर्त्यांनी फ्लेक्सऐवजी कापडी फलक लावावे. गुऱ्हाळमालकांनी चुलाणात चिपाडाखेरीज टायर, प्लास्टिक, चपलांचे तुकडे घालू नयेत. ज्या गुळाचा आपण नैवेद्य दाखवितो, त्याखालचा जाळ शुद्ध असावा. भंगारवाल्या बांधवांना मात्र विनंती पुरेशी नाही, कारण तार जाळण्यावाचून त्यांची मजुरी सुटत नाही. तार सोलण्याचे यंत्र फार महाग नसते, तेव्हा व्यापारी मंडळे व नगरपालिका यांनी प्रत्येक भंगार बाजारात एक तरी यंत्र सामाईक वापरासाठी बसवून द्यावे, आणि नागरिकांनी येत्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव मांडण्यास आपापल्या नगरसेवकाला भाग पाडावे.