मेंदूतल्या यंत्राचा वाली कोण?

22 जुलै हा जागतिक मेंदू दिन. याच महिन्यात, 6 जुलै 1924 रोजी, जर्मनीतल्या येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेच्या वेळी एका 17 वर्षांच्या मुलाच्या मेंदूतील विद्युतलहरी टिपल्या. आज सर्रास होणारी ईईजी तपासणी ही त्यांचीच देणगी. बर्गर मात्र जवळजवळ एकट्याने, गुपचूप काम करत राहिले. निष्कर्ष प्रसिद्ध व्हायला 1929 साल उजाडले आणि 1934 मध्ये केंब्रिजच्या एड्रियन यांनी दुजोरा दिल्यावरच जगाने त्यांची दखल घेतली.

तसे एकट्याने काम करण्याचे दिवस सरले, हे बरेच झाले. जर्मनीतल्याच फ्रायबुर्ग विद्यापीठाने 2012 पासून ‘ब्रेनलिंक्स-ब्रेनटूल्स’ या संशोधनगटात जीवशास्त्रज्ञ, अभियंते आणि डॉक्टर एकत्र आणले. तिकडच्या विद्यापीठांत एकाच विषयावर आठवड्या-आठवड्याला निराळ्या विभागाचा वक्ता बोलवण्याची प्रथा आहे, आणि पुष्कळदा गावातल्या कोणालाही तिथे जाऊन बसता येते. मेंदूविज्ञानाला अशा व्याख्यानमालेची गरज इतर कोणत्याही शास्त्राहून अधिक आहे.

कारण मेंदूत यंत्र बसवले की प्रश्न एकट्या डॉक्टरांचा राहत नाही. कंपवाताचेच पाहा. ग्रेनोबलच्या बेनाबिद यांनी 1987 मध्ये मेंदूत खोलवर बारीक इलेक्ट्रोड ठेवून, वेगवान विद्युतस्पंदने देऊन हातांची थरथर थांबवून दाखवली. आता ही शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यातही होते. ही स्पंदने देणारे यंत्र गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. त्याची साधी बॅटरी काही वर्षांत संपते आणि ती बदलायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. तो खर्च कोण करणार? ज्या घरात म्हातारपणी पेन्शनही नाही, त्या घरात हा प्रश्न इलेक्ट्रोडइतकाच मोलाचा आहे.

‘सेकंड साइट’ या अमेरिकी कंपनीचे उदाहरण तर काळीज हलवणारे आहे. दृष्टिपटलावर बसवायचे तिचे यंत्र साडेतीनशेहून अधिक अंध व्यक्तींना मिळाले. अंधुक का होईना, प्रकाश दिसू लागला. 2019 मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले, पुढच्या वर्षी ती बुडण्याच्या बेतात आली, आणि बिघाड झाला तर जायचे कुठे, हे यंत्र बाळगणाऱ्यांना कोणी सांगेना. यंत्र बनवणाऱ्यांचे कौशल्य कमी पडले नव्हते. त्यानंतरच्या सांभाळाची कायद्याने बांधलेली जबाबदारी कोणावरच नव्हती. चिलीने 2021 मध्ये मेंदूतील माहितीच्या रक्षणाची तरतूद थेट राज्यघटनेत केली. यंत्राच्या निगेचीही तशीच तरतूद हवी.

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून नवे ज्ञान चारचौघांत, मराठीत समजावून घेण्याची सवय महाराष्ट्राला आहे. आपल्या विद्यापीठांनी मेंदू आणि यंत्र या विषयावर अशी माला मराठीतून, संध्याकाळच्या वेळी, सर्वांना खुली ठेवून भरवावी. शल्यचिकित्सक, अभियंता, विधिज्ञ, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक यांना बोलवावेच. पण पहिले व्याख्यान असे यंत्र अंगात बाळगून जगणाऱ्या माणसाचे ठेवावे, आणि त्याच्या घरच्यांनाही बोलू द्यावे.