अंगणात काय लावाल? लिंबू की शोभेचं गवत?

मृगाचा पाऊस पडून गेला की नंदुरबार, शहादा, तळोदा या भागातल्या रोपवाटिकांमध्ये एकच गर्दी उसळते. शेतकरी पपई-केळीची रोपं बघत असतात, तर गावातल्या नव्या वसाहतींमधल्या बायका घरापुढच्या जागेसाठी काहीतरी 'छान दिसणारं' शोधत असतात. पूर्वी अंगण म्हटलं की कडेला तुळस, शेवगा, कढीपत्ता आणि एखादं लिंबाचं झाड हे ठरलेलं. आता फाटकापासून दारापर्यंत फरशी आली आणि कोपऱ्यात जेमतेम आठ-दहा फूट माती उरली. त्या एवढ्याशा मातीत हल्ली फाउंटन ग्रास, पंपास ग्रास अशी शोभेची गवतं दिसू लागली आहेत. वाऱ्यावर डोलणारे त्यांचे तुरे दिसतातही सुंदर, ते नाकारण्यात अर्थ नाही.

मग प्रश्न असा, की जागा एकाच झाडापुरती असेल तर काय लावायचं? कोणी म्हणेल, हा काय अग्रलेखाचा विषय झाला? पण मैत्रिणींनो, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

आधी गवताची बाजू ऐकू या, कारण ती अगदीच लंगडी नाही. गवताला काटे नसतात. लावल्यावर पहिल्याच वर्षी ते भरून येतं. खान्देशच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंश उन्हात फाउंटन ग्रास थोड्या पाण्यावर तग धरतं. (हिरवळीचं, म्हणजे लॉनचं, तसं नाही. शंभर चौरस फूट लॉनला उन्हाळ्यात दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज लागतं. ज्या गावात नळ एक दिवसाआड येतो, तिथे ही चैनच.) लिंबाचं तसं नाही. पहिलं फळ दिसायला साधारण चौथं वर्ष उजाडतं, काटे टोचतात, वाढलेलं झाड उन्हाळ्यात पाणीही चांगलंच मागतं. पानं खाणारी अळी येते, पानाफळांवर खैऱ्याचे डाग पडतात. शिवाय 'काटेरी झाड दारात नको' म्हणणारी एक तरी मावशी प्रत्येक घरात असतेच.

एवढं असूनही माझं मत लिंबाला आहे. कारण अंगणात नाही, ते आपल्या ताटात आहे.

२०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे घरं पक्की झाली, दारात गाड्या आल्या, आणि बाईचं रक्त मात्र कमी झालं! आपला जिल्हा तर कुपोषणासाठी वर्षानुवर्षं बातम्यांत असतो. पण हे फक्त धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचं दुखणं आहे असं समजू नका. कॉलनीतल्या बंगल्यातही जिना चढताना धापा टाकणाऱ्या, 'जरा चक्करच येते' म्हणत काम रेटणाऱ्या बायका आहेत.

आपलं जेवण काय? ज्वारी-बाजरीची भाकरी, उडदाची किंवा तुरीची डाळ, अंबाडी, मेथी, तांदुळजा. लोह यात असतं, पण धान्या-भाज्यांतलं लोह शरीरात सहजासहजी शोषलं जात नाही. त्याच घासाबरोबर 'क' जीवनसत्त्व पोटात गेलं तर शोषणाचं हे प्रमाण चांगलंच वाढतं. याउलट जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातली द्रव्यं लोहाला अडवून धरतात. म्हणून डाळ-भाजी ताटात वाढल्यावर वरून अर्धं लिंबू पिळायचं. शिजताना नाही, कारण उष्णतेनं 'क' जीवनसत्त्व नाश पावतं. आपल्याकडे धडगावचं आमचूर प्रसिद्ध आहे, आंबटपणाला ते उत्तमच, पण उन्हात सुकवताना त्यातलं 'क' जीवनसत्त्व बरंच उडून जातं. सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळीसुद्धा चहा-दुधाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घेतलेली बरी.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. लिंबू म्हणजे औषध नव्हे. आपल्या भागात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. तो रक्ताचा आनुवंशिक आजार, तो लिंबानं बरा होत नाही, आणि अशा रुग्णानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्याही घेऊ नयेत. सतत थकवा असेल तर आधी रक्त तपासून घ्या, लिंबू त्यानंतर.

आता तुम्ही म्हणाल, लिंबू बाजारात मिळतंच की! मिळतं, पण कोणत्या भावानं? २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना झालं होतं, आठवतं ना? उन्हाळ्यात, म्हणजे जेव्हा त्याची खरी गरज, तेव्हाच ते महाग होतं. आणि घरात वस्तू महागली की ती सगळ्यात आधी कोणाच्या ताटातून जाते, हे मी सांगायला हवं का? पाहुण्याच्या सरबताला लिंबू निघतं, नवऱ्याच्या ताटात फोड जाते, मुलांना मिळते, आणि शेवटी जेवायला बसणारी घरची बाई 'मला काही लागत नाही' म्हणून मोकळी होते. दारात झाड असलं की ही वाटणीच संपते. हात वर करायचा आणि तोडायचं.

गंमत बघा, आपलं नंदुरबार मिरचीच्या बाजारपेठेसाठी देशभर ओळखलं जातं. त्या मिरच्यांबरोबर दर शनिवारी लिंबू ओवून आपण दाराला टांगतो, घराला नजर लागू नये म्हणून. दाराला टांगलेल्या त्या लिंबाचा अर्धा भाग घरातल्या सुनेच्या वरणावर पिळला गेला तर तिची नजर नक्की उतरेल!

लावायचं ठरवलंत तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. कागदी लिंबाची बियांपासून केलेली रोपं चालतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'साई शरबती' ही जात चांगली. दोन-अडीच फुटांचा खड्डा घेऊन त्यात शेणखत-माती भरा. तापीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते आणि लिंबाला साचलेलं पाणी अजिबात खपत नाही, म्हणून रोप थोड्या उंचवट्यावर लावा. भिंतीपासून सहा-सात फूट अंतर सोडा. पाणी बुंध्याला लागू देऊ नका, नाहीतर डिंक्या होतो, आळं थोडं दूर गोलाकार करा. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी चालेल, साबणाचं नको. अळी दिसली तर लगेच औषध फवारू नका, हातानं वेचा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ती अळी पुढे सुंदर फुलपाखरू होते, एखादी मुलांना बघायला ठेवा. अधिक माहिती कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात मिळेल.

आणि गवत? ते लावूच नये असं मी म्हणत नाही. मात्र फाउंटन ग्रासबद्दल जरा सावध. हवाई बेटांवर हे गवत शोभेसाठी नेलं होतं, ते माळरानावर पसरलं आणि वाळून वणव्यांचं इंधन झालं. युरोपीय संघानं २०१७ मध्ये त्याला घातक परक्या वनस्पतींच्या यादीत टाकलं. आपल्या पाठीशी सातपुडा आहे, आणि उन्हाळ्यात तिथे वणवे लागतातच. वाऱ्यानं उडणारं बी कुंपण ओळखत नाही.

ज्यांच्याकडे लिंबापुरतीही जागा नाही त्यांनी गवतच लावावं, पण कामाचं. चहात घालायला गवती चहा, माठात टाकायला वाळा. आपल्या मातीतलं रोशा गवत, म्हणजे तिखाडी, तर एकेकाळी मोठ्या व्यापाराची वस्तू होती. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, अक्राणी, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागात रोशाचं तेल काढत. ते मुंबईमार्गे अरबस्तान-तुर्कस्तानला जाई आणि तिथे महागड्या गुलाबाच्या तेलात मिसळलं जाई. तेव्हा गवत हलकं नाहीच, निवड मात्र डोळसपणे व्हावी.

बचत गटाच्या बैठकीत, भिशीत, हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या वाटतो. त्याऐवजी एकेक लिंबाचं रोप वाटलं तर? चार वर्षांनी गल्लीतल्या प्रत्येक दारी फळ लागलेलं असेल. फक्त एक अट घाला: झाडावरचं पहिलं लिंबू देवाला, आणि दुसरं घरातल्या बाईच्या स्वतःच्या ताटात.